झडती

लग्नसराईचे दिवस होते. पुतणीच्या शालूला फॉल-पिको करायला दिला होता आणि तो घ्यायला मी पोचले तेव्हा दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. पुढचं शटर अर्धं खाली आलेलं, एसी बंद केल्यामुळे नव्या कापडाचा तो खळीचा वास एकदम अंगावर आलेला. काउंटरच्या मागे एक अरुंद दार होतं आणि तिथे सेल्सच्या मुली रांगेत उभ्या होत्या. दाराशी टेबल, टेबलामागे सिक्युरिटीची बाई. प्रत्येकीने पर्स उघडायची आणि टेबलावर उपडी करायची. डबा, पाण्याची बाटली, कंगवा, चार्जर, रबर लावलेल्या दहा-वीसच्या नोटा. एकीच्या पर्समधून काळ्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट निघालं. काय असणार ते त्या बाईलाही कळत होतं, तरी तिने ते दाबून पाहिलं. मग मुलीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला आणि ‘चल’ म्हणाली. मुलगी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सामान परत भरून बाहेर पडली. आठवड्याभरापूर्वी याच मुलीने चाळीस हजारांचा शालू स्वतःच्या खांद्यावर घेऊन मला पदर दाखवला होता. मालकांना माझी नजर दिसली असावी. “रूटीन आहे हो ताई. विश्वास आहेच आमचा पोरींवर, पण स्टाफ मोठा आहे ना,” असं म्हणून त्यांनी मला बिलात शंभर रुपये कमी करून दिले. ते का कमी केले, कोण जाणे.

त्यात जगावेगळं काही नव्हतं. मॉलमध्ये, गोदामात, सोन्याच्या पेढीवर रोज होतं. आपल्या सोसायट्यांतही कामाच्या बाया जाताना वॉचमन पिशवी बघतो आणि त्यावर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. तरी त्या रात्री मला न्यूयॉर्कमधला ग्रीन स्ट्रीट आणि वॉशिंग्टन प्लेस यांचा कोपरा आठवत राहिला. भाचीकडे गेले होते तेव्हा तो पाहिला होता. दहा मजली, तपकिरी, तशी देखणी इमारत आहे. आता ती विद्यापीठाच्या मालकीची आहे, आत विज्ञानाच्या प्रयोगशाळा आहेत. कोपऱ्यावरून स्टीलची एक लांब फीत खाली उतरते. ती पहिल्या मजल्याच्या वर दोन्ही रस्त्यांकडे वळते आणि तिच्यात १४६ नावं आरपार कोरलेली आहेत. वर मान करून ती वाचायची नाहीतच. खाली कमरेच्या उंचीवर काळी चकचकीत पट्टी आहे, तिच्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं. म्हणजे वाचायला वाकावं लागतं. हे स्मारक व्हायला २०२३ साल उजाडलं. ही नावं या इमारतीतल्या ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्याच्या आगीत मेलेल्यांची. ती आग लागली होती २५ मार्च १९११ला.

त्या आगीची गोष्ट अमेरिकेत शाळकरी पोरांनाही माहीत असते. मला तिच्यातला जो तपशील पहिल्यांदा टोचला तो ज्वाळांचा नव्हता, चिंध्यांचा होता. माझी आई घरी ब्लाऊज शिवायची. मशीनच्या पायाशी चिंध्यांचं पोतं असायचं, रुबिया, पॉपलीन, अस्तराच्या कातरणी. त्या पोत्याच्या आसपास ती उदबत्तीसुद्धा लावू द्यायची नाही. ‘कापूस आहे तो, धरला की धरला,’ असं म्हणायची. ट्रँगल कंपनीच्या आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलांखाली लाकडी खोक्यांत कातरण साठत होती. दोनेक महिने ती कुणी उचललीच नव्हती. वर दोरीवर कागदाचे नमुने टांगलेले. शनिवार होता, पगाराचा दिवस, पावणेपाचला सुटी. सुटीला पाचेक मिनिटं असताना कुणाची तरी विडी किंवा काडी त्या खोक्यात पडली असावी. आठव्याने दहाव्या मजल्यावर ऑफिसात टेलिफोन केला. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथे अडीचशेच्या आसपास माणसं मशीनवर बसलेली होती, बहुतेक सगळ्या मुली. ज्यू आणि इटालियन, बोटीतून उतरून फार वर्षं न झालेल्या, काही अवघ्या चौदा वर्षांच्या.

नवव्या मजल्याला दोन जिने होते. ग्रीन स्ट्रीटच्या बाजूच्या जिन्याकडे आग लवकर पोचली. वॉशिंग्टन प्लेसकडचं दार कुलूपबंद होतं.

कुलूप का, तर संध्याकाळी सुटताना सगळ्या मुलींनी एकाच दारातून जावं म्हणून. तिथे रखवालदार उभा असे आणि प्रत्येकीने पर्स उघडून दाखवायची असे. कुणी एखादं शर्टवेस्ट (तिथे शिवला जाणारा बायकांचा ब्लाऊज), लेसचा तुकडा लपवून नेतंय का ते बघायला. आगीनंतर मालकांवर खटला चालला, त्यात दोन मालकांपैकी आयझॅक हॅरिसला सरकारी वकिलाने विचारलं, चोरी होऊन होऊन किती झाली होती? पंचवीस डॉलरच्या वर गेली नसेल, हे त्याला कबूल करावं लागलं.

पंचवीस डॉलर.

मागच्या बाजूचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकून कोसळला. दोन लिफ्टवाले, जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलारो, जमेल तितक्या फेऱ्या करत राहिले. शेवटी मुली लिफ्टच्या विहिरीत उड्या टाकू लागल्या तेव्हा त्या पाळण्यांवर इतका भार आला की ते हलेनात. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्याच्या आसपास संपली. खाली धरलेली जाळी फाटली. सगळं वीस मिनिटांच्या आत उरकलं. इमारत ‘अग्निरोधक’ म्हणून बांधलेली होती आणि ती खरंच होती. भिंती शाबूत राहिल्या, आजही आहेत. १४६ मेले, त्यांत १२३ बायका आणि मुली. मालटीझ नावाच्या एका घरातली आई आणि दोन लेकी गेल्या. आईची ओळख पटायला शंभर वर्षं लागली. सहाजण इतकी वर्षं निनावी पुरलेले होते, २०११ साली एका संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यांची नावं जुळवली.

मालक दहाव्या मजल्यावर होते आणि गच्चीवरून वाचले. दुसरे मालक मॅक्स ब्लँक यांच्या छोट्या मुली त्या दिवशी त्यांच्या दाईबरोबर कारखान्यात आल्या होत्या, बापाबरोबर खरेदीला जायचं म्हणून. हे वाचल्यापासून मला त्या माणसाचा धड रागही करता येईना. पोरींना कडेला घेऊन धुरातून चाचपडणारा बाप डोळ्यांपुढे येतो. हॅरिस आणि ब्लँक दोघेही रशियातून आलेले स्थलांतरित ज्यू, स्वतः शिवणकामातून वर आलेले. कोर्टातला त्यांचा वकील मॅक्स स्टूअर लहानपणी त्याच धंद्यात राबलेला. जिना चढून आलेल्यांनी जिन्याच्या दाराला कुलूप घालावं, यात अमेरिकेचं वेगळं काही नाही. आपल्याकडेही गिरणीत मुकादम कोण असायचा ते आठवावं.

स्टूअरची उलटतपासणी वकिली शिकणारे अजून वाचतात म्हणे. केट आल्टरमन नावाच्या मुलीने कुलूपबंद दाराशी आपली मैत्रीण कशी अडकली ते सांगितलं. स्टूअरने तिला हळू आवाजात पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिचे काही शब्द जसेच्या तसे आले आणि ज्युरीला वाटलं, पढवलेली साक्षीदार दिसते. परक्या भाषेत, भर कोर्टात, मेलेल्या मैत्रिणीबद्दल बोलताना त्या मुलीने शब्द बदलायचे कुठून? माझी एक मावशी नवऱ्याच्या अपघाताची हकीगत गेली कैक वर्षं एकाच शब्दांत सांगते. ढिगाऱ्यातून काढलेलं कुलूपही पुराव्यात होतं. पण त्या घटकेला दार बंद आहे हे मालकांना ठाऊक होतं का, हे निःसंशय सिद्ध व्हायला हवं होतं. बारा पुरुषांच्या ज्युरीने डिसेंबर १९११ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं. विम्याचे पैसे नुकसानीपेक्षा सुमारे साठ हजार डॉलर जास्त आले. १९१४ साली दिवाणी दाव्यांची तडजोड झाली, एका जिवाला ७५ डॉलर. त्याच्या आदल्याच वर्षी ब्लँकच्या नव्या कारखान्यात पुन्हा एक दार कुलूपबंद सापडलं होतं. दंड झाला वीस डॉलर.

या सगळ्याच्या आधी, १९०९च्या नोव्हेंबरात, त्या इमारतीपासून चालत जाता येईल अशा कूपर युनियनच्या सभागृहात शिवणकामगारांची सभा भरली होती. पुढारी तासन्‌तास बोलत होते, सबुरीने घ्या वगैरे. तेवीस वर्षांची क्लारा लेमलिक उठली, यिडिशमध्ये, म्हणजे त्या ज्यू मुलींच्या बोलीत, म्हणाली की बोलणी पुरे, आता सार्वत्रिक संप करा. सभेने हात वर करून शपथ घेतली. वीस हजारांवर मुली रस्त्यावर आल्या. धंदेवाईक गुंडांनी त्यांना मारलं, पोलिसांनी उचललं, एका न्यायाधीशाने तर एका मुलीला सुनावलं की तुझा संप देवाविरुद्ध आणि निसर्गाविरुद्ध आहे. श्रीमंत बायका फरकोट घालून मोटारींतून आल्या, जामीन राहिल्या. त्यांच्यात ॲन मॉर्गन होती, बँकर जे. पी. मॉर्गनची लेक. मला या बायकांबद्दल कधी कौतुक वाटतं, कधी हसू येतं. मागण्या पगाराच्या आणि तासांच्या होत्या. सुया, दोरा, वीज यांचे पैसे मुलींच्या पगारातून कापू नका अशाही होत्या. आणि सुरक्षित जिने, उघडी दारं यांचंही बोलणं होतं. शेकडो छोट्या कारखान्यांनी युनियनशी करार केला. ट्रँगलने युनियन मानली नाही. म्हणजे दाराचं सगळं सांगून झालेलं होतं. आगीने शहाणपण शिकवलं असं आपण सहज म्हणून जातो, ते मला पटत नाही. शिकवायचं काही उरलंच नव्हतं. फक्त ज्यांच्या हातात कलम होतं त्यांतल्या कुणीतरी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं बाकी होतं.

तसं एका बाईने पाहिलं. फ्रान्सिस पर्किन्स. वय तीसच्या आसपास, ग्राहक संघटनेत नोकरी, कारखान्यांच्या पाहण्या करायच्या, अहवाल लिहायचे. त्या शनिवारी वॉशिंग्टन स्क्वेअरवर एका बड्या घरी चहाला गेली होती. बंबांच्या घंटा ऐकून पळत आली आणि खिडक्यांतून पडणाऱ्या मुली तिने पाहिल्या. जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमलं. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, अल स्मिथ उपाध्यक्ष. दोघेही टॅमनी हॉलचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या पक्क्या मतदलाल संघटनेचे, जिची कीर्ती आपल्या कुठल्याही महापालिकेला लाजवेल. त्यांचा नेता चार्ल्स मर्फी याचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं. त्याने हिशेब मांडला. प्रेतयात्रेला भर पावसात लाखभर माणसं चालली होती आणि त्यांतल्या पुरुषांना मत होतं.

पर्किन्सबाई या पुढाऱ्यांना घेऊन कारखाने दाखवत हिंडल्या. हा भाग मला फार आवडतो. अहवाल वाचून माणूस बदलतो यावर त्यांचा विश्वास नसावा. एका ठिकाणी ‘आगीच्या वेळी सुटकेची वाट’ अशी पाटी होती. त्यांनी वॅग्नरसाहेबांना भिंतीतल्या त्या भोकातून सरपटत जायला लावलं, पलीकडे बर्फाने माखलेली शिडी होती आणि ती जमिनीपासून बऱ्याच वर संपत होती. दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका अल स्मिथना दाखवल्या. डबाबंद खाद्याच्या कारखान्यात पहाटे पाच-सहा वर्षांची पोरं शेंगा सोलताना दाखवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले. कामाच्या वेळात दारं कुलूपबंद ठेवायची नाहीत, आगीच्या कवायती घ्यायच्या, छतातून पाण्याचे फवारे बसवायचे. १९१२ साली बायकांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आली. तिची गंमत अशी की शेवटच्या घटकेला मतं कमी पडत होती आणि ती मिळवून दिली टिम सुलिव्हन या बदनाम पुढाऱ्याने. माझी बहीण गरीब होती, कोवळ्या वयात कामाला गेली, असं काहीसं तो पर्किन्सना म्हणाला. त्या बदल्यात डबाबंद खाद्याचे कारखाने वगळायला लागले. शेंगा सोलणारी पोरं त्यातच होती. पर्किन्सनी तडजोड घेतली. मी असते तर? मला अजून ठरवता येत नाही. सुलिव्हनसारख्या माणसाकडून मत घ्यायला मला जड गेलं नसतं, जड गेलं असतं ती पोरं मागे ठेवणं.

पुरुषांच्या तासांना हात लावता येत नव्हता, हेही विसरायला नको. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भटारखान्यातल्या कामगारांचा दहा तासांचा कायदा रद्द केला होता, कारण करार करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते. आठवड्याला साठ तासांहून जास्त पीठ मळायचं स्वातंत्र्य. १९०८ साली त्याच न्यायालयाने बायकांचे तास मर्यादित करणं मान्य केलं, कारण बायका नाजूक, उद्याच्या माता. म्हणजे बायकांना जे मिळालं ते दुबळ्या म्हणवून घेऊन मिळालं, आणि त्याच वर्षांत मताचा हक्क मागताना त्यांना आम्ही दुबळ्या नाही हे सांगायचं होतं. एका आमदाराने मत दिलं की बायकांचं नाजूकपण जाईल अशी काळजी व्यक्त केली, तेव्हा रोझ श्नायडरमन या टोप्या शिवणाऱ्या बाईने उलट विचारलं की धोबीखान्याच्या वाफेत तेरा-चौदा तास उभ्या असणाऱ्यांचं नाजूकपण मतपेटीत चिठ्ठी टाकून आणखी किती जाणार आहे? न्यूयॉर्कच्या बायकांना १९१७ साली मत मिळालं, देशभरातल्या बायकांना १९२० साली. कागदावर सगळ्यांना. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना त्यासाठी आणखी कित्येक दशकं थांबावं लागलं.

या गोष्टीत एक मराठी माणूसही येऊन जातो, म्हणून मी ती इतकी धरून बसले आहे की काय, कोण जाणे. ट्रँगलच्याच वर्षी, १९११ साली, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी, मूळचे रायगडातल्या गोरेगावचे. १९१९च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला जगातली पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला ते हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. काय गाव असेल ते त्या दिवसांत! अध्यक्ष विल्सन पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, दारूबंदीचा कायदा परिषदेच्या आदल्याच दिवशी त्यांचा नकार धुडकावून मंजूर झालेला, पोलाद कामगारांचा देशव्यापी संप चालू, आणि उन्हाळ्यात त्याच शहरात वांशिक दंगल होऊन गेलेली. बायकांच्या कामगार संघटनांनी त्याच सुमाराला तिथे आपली वेगळी परिषद भरवली होती. मुख्य परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६०. १९२२च्या कायद्यात ते ६० आले; त्यांचे पुढे ५४ झाले आणि ४८ व्हायला १९४६ साल लागलं, ते विधेयक मांडलं मजूरमंत्री डॉ. आंबेडकरांनी. जोशींनी वॉशिंग्टनमध्ये साठावर काय मनाने मान डोलावली असेल? गिरणगावात त्या वेळी बारा तासांच्या पाळ्या चालत होत्या, तेव्हा साठ हाही विजयच होता. पर्किन्सबाईंच्या तडजोडीसारखा.

पर्किन्स १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्टच्या मजूरमंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. वॅग्नर तोवर सिनेटमध्ये पोचले होते. युनियन करण्याचा हक्क देणारा १९३५चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९३८ साली किमान वेतन, तासांची मर्यादा आणि जादा वेळेचा जादा पैसा देणारा कायदा झाला. न्यू डीलची, म्हणजे रूझवेल्टच्या या सगळ्या सुधारणांची, सुरुवात त्या आगीच्या दिवशी झाली असं पर्किन्स म्हणत. त्या कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या होत्या. दक्षिणेत ही कामं कोण करत होतं ते सांगायला नको.

पण दुकानातल्या त्या टेबलाकडे परत जायचं तर, एवढ्या कायद्यांत दार उघडलं, झडती कुणी काढली नाही. पर्किन्सनी किंवा वॅग्नरनी तिचा विचार केला होता का, मला माहीत नाही; मरणाच्या तुलनेत पर्स उघडून दाखवणं क्षुल्लकच. नेवाडात ॲमेझॉनच्या गोदामात काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांनी मात्र त्यावरून दावा लावला. पाळी संपल्यावर चोरीच्या तपासणीसाठी रोज पंचवीसेक मिनिटं रांगेत उभं राहावं लागतं, कंपनीच्या सोयीसाठी, तर त्या वेळेचे पैसे १९३८च्या कायद्याप्रमाणे द्या, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९४७ साली मालकांच्या बाजूने त्या कायद्याला एक जोड मिळाली होती, तिच्या आधाराने ९ डिसेंबर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासणी हा कामाचा भाग नव्हे, त्या मिनिटांचा मोबदला देय नाही. नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत. त्यांत तीन बायका होत्या. त्यांपैकी रूथ बेडर गिन्सबर्ग यांची आई न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या धंद्यात हिशेब लिहायची, आणि आपण तिथून एका पिढीत कुठे पोचलो हे त्या अभिमानाने सांगत. त्यांनीही त्याच निकालावर सही केली, वेगळं काही लिहिलं नाही.